राणेसरांचा नियम आणि आजचं अपडेट

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज राहवत नाहीये.

आमच्या लॅबच्या मुलुंड, घाटकोपर, बोरिवली अशा सगळ्या शाखांचे कम्प्युटर मी अंधेरीतून एकाच स्क्रीनवरून सांभाळते. हे काम शिकवणारे राणेसर गेल्या महिन्यात वारले. त्यांचा नियम होता, नवं अपडेट आधी आपल्या आणि मॅनेजरच्या कम्प्युटरवर टाकायचं, दिवसभर वापरून बघायचं आणि मगच शाखांना पाठवायचं.

आज सकाळी मॅनेजर म्हणाले, "आत्ताच सगळीकडे टाक. माझ्या मशीनवर प्रयोग नकोत."

"सर, राणेसर नेहमी..."

"अगं, राणे गेला ना! त्याचं किती दिवस धरून बसणार?"

तरी मी बोललेच. "ते गेले, सर. पण रिपोर्टसाठी पेशंट रांगेत असताना कम्प्युटर बंद पडले तर? मी नाही टाकणार."

"मेमो देईन."

"द्या."

अपडेट दोनच कम्प्युटरवर टाकलं, माझ्या आणि, ते नको म्हणाले तरी, त्यांच्या. संध्याकाळपर्यंत काहीच बिघडलं नाही.

"बघ, दिवस फुकट घालवलास ना?" ते म्हणाले.

हो, घालवला. पुढच्या वेळीही घालवणार आहे.

तुमच्या ऑफिसात माणूस गेला की त्याची शिस्तही लगेच सोडून देतात का?