निरोपाच्या दिवशी काढलेली पिन

सर लॅबमध्ये आले की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डबा गरम लागला की मला बजावायचे, "चालून राह्यलंय. हात लावू नको."

ज्याचं काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुणाला पटत नाही, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवीन जालन्याबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर केमिकलचे प्राध्यापक आणि मी लॅब असिस्टंट. काळ्या मातीच्या कणांत पाण्याचे रेणू कसे अडकतात, ते सर कॉम्प्युटरवर मांडून बघायचे. अख्खी नोकरी त्यातच गेली. कुंभार पिंपळगावचे त्यांचे थोरले भाऊ एकदा आल्ते. म्हणाले, "माती शेतात अन् तू खोलीत, मंग दिसतं काय तुला?"

"तुम्हाला दिसत न्हाई तेवढंच, दादा."

सरांचं शेवटचं गणित त्या डब्यात तीन महिने चालू होतं. ते संपणार होतं नेमकं निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी, आणि शेवटचा शोधनिबंध तेवढ्यावर अडला होता. आकडे उतरवून ठेवायला त्यांनी हार्डडिस्क मागितली. अर्ज तीनदा परत आला. शाल, हार आणि सरांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स मात्र एका दिवसात मंजूर झाला.

त्या दुपारी मंडपवाला माइकसाठी प्लग शोधत लॅबमध्ये शिरला. मागून प्राचार्य ओरडले, "जल्दी करा, अध्यक्षसाहेब आले!" मी डब्याची पिन काढली आणि माइकची लावली. एवढा शहाणा मी! वाटलं, परत लावली की होईल चालू.

अध्यक्षांनी भाषणात सरांना खतांचे मोठे तज्ज्ञ करून टाकलं. टाळ्याही पडल्या. मी धावत जाऊन पिन लावली, पुन्हा पुन्हा बटण दाबलं. जुनं मशीन, उठलंच नाही; तीन महिन्यांचे आकडे त्यातच गेले.

सर शाल अंगावर घेऊनच आले. डब्यावर हात ठेवला. डबा गार होता.

"पिन कोणी काढली?"

"मंडपवाल्यानं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जाऊ दे. भाषण बराबर ऐकू आलं ना सगळ्यांना?"

सर गावी गेले ते पुन्हा कॉलेजात आले नाहीत. खरं सांगायला मीही कधी पिंपळगावला गेलो नाही. प्राचार्य अजून सांगतात, कार्यक्रम झकास झाला. मला त्यांची चीड येते, माझी त्याहून जास्त.

परवा डबा भंगारात काढला. उचलायला मलाच सांगितलं. उचलण्याआधी मी त्याच्यावर तळहात ठेवून पाहिला.