पलंगाखालची बॅग

मुग्धाला शाळेच्या रिक्षात बसवलं, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहून हात हलवला, आणि आत येऊन पलंगाखालची बॅग ओढून काढली. तिच्या डब्यात त्या दिवशी मुद्दाम गुळाचा शिरा दिला होता. मी सोलापूर सोडलं ते असं, सात वर्षांच्या मुलीची नजर चुकवून.

युक्ती माझ्या आईची. "ती शाळेत असताना नीघ. समोर निघालीस तर रडून गोंधळ घालेल आणि तुझाही पाय निघायचा नाही," ती म्हणाली, आणि मला ते पटलं. आपल्याकडे सगळे असंच करतात. पोराला गच्चीवर कावळा दाखवायला न्यायचं आणि तेवढ्यात बापानं चपला घालून सटकायचं. त्यात आपण कुणाला फसवतो आहोत असं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या तरी आलं नाही.

हे दोन हजार चार सालचं. सतीश, माझा नवरा, एप्रिलमध्येच चेन्नईला रुजू झाला होता. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत सहाव्या मजल्यावर त्याची कंपनी. जूनमध्ये त्याला कावीळ झाली आणि मला जाणं भाग पडलं. तिकडच्या शाळांचे प्रवेश संपले होते. मग वर्षभर मुग्धानं आजीकडे सोलापुरातच राहायचं, असं ठरलं. ठरवताना मुग्धाला कुणी विचारलं नाही.

चेन्नईत वेलचेरी भागात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. दर रविवारी मी फोन करायची. आई सांगायची, "खेळायला गेलीय," "झोपलीय," "अंघोळ करतेय." चौथ्या रविवारी माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगी माझ्याशी बोलायला तयार नव्हती.

दिवाळीला आम्ही दोघं सोलापूरला गेलो. मुग्धा पुढे आली आणि पाहुण्यांच्या पडावं तशी आमच्या पाया पडली. परत निघायच्या सकाळी चपला सापडेनात. सगळं घर पालथं घातलं. शेवटी ज्वारीच्या कोठीत मिळाल्या, माझ्या, सतीशच्या आणि चुकून आजीच्याही. मुग्धा कोठीला टेकून उभी होती. "आता कशी जाशील?" एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं, असं मला वाटलं.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की मुग्धा आमच्याबरोबर येणार. आई म्हणाली, "अर्धं वर्ष तर गेलंय, परीक्षा तरी होऊ दे." सतीश म्हणाला, "मध्येच कोण घेणार तिला?" मी म्हटलं, "ते मी बघते." आणि मी बघितलं. मुग्धाला घेऊनच चेन्नईला परतलो. पाच शाळांनी दारातूनच जूनमध्ये या म्हणून सांगितलं. सहावी शाळा काचेच्या इमारतींच्या मागच्या गल्लीत होती. तिथली निम्मी मुलं आमच्यासारखीच उपरी. कुणी दिल्लीची, कुणी कोलकात्याची, दोन भावंडं तर थेट कोरियाहून आलेली. मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, तमिळ कोण शिकवणार हिला? मी म्हटलं, मी. तुम्हाला येतं? म्हटलं, येईल. बाई हसल्या, पण त्यांनी जानेवारीपासून एक महिना दिला. तेवढ्यात मुलगी वर्गात रमली तर प्रवेश पक्का, नाहीतर घेऊन जा.

म्हणजे पुन्हा सोलापूर, पुन्हा आजी, पुन्हा रविवारचा फोन. ते मी होऊ देणार नव्हते.

पण मुग्धा मला सोडून वर्गात जाईना. मी शाळेच्या फाटकाजवळच्या बाकावर बसायची, आणि दर तासाला ती खिडकीतून मान काढून मी आहे ना ते बघायची. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी वॉचमन म्हणाला, "पोंगम्मा, जा बाई घरी, आता ती खेळात आहे, तिला कळणारसुद्धा नाही." मला पुन्हा ते पटलं! स्वयंपाक पडला होता, कपडे भिजत होते. मी पदर सावरून हळूच बाहेर पडले, शेअर ऑटो पकडली. घरी पोचते तर शाळेचा फोन. बाक रिकामा दिसताच मुग्धा फाटकाबाहेर धावली होती, रस्त्यावर. वॉचमननं तिला पकडलं तेव्हा ती त्याला चावली.

त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून रडत होते. खालच्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी पाहिलं. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी आपल्या पणजीच्या काळातली, आणि तिला तमिळ हेल. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "लेकराला न सांगतां कशास निघालीस गे? सांगून नीघ-मा. रडेल तर रडूं दे." मला राग आला. मग तो उतरला, आणि मी वर गेले.

मुग्धा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्याजवळ बसले, पण माझ्याआधी तिनंच विचारलं, "त्या दिवशी तू दारात टाटा करत होतीस ना, तेव्हा बॅग भरलेली होती?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. "हो," मी म्हटलं. "पलंगाखाली होती."

"शिरा म्हणून दिलास?"

"हो."

तिनं मला दोन्ही हातांनी मारलं, जोरात. मी मारू दिलं. मी तिची माफी मागितली, तशी मी आजवर कुणाचीच मागितलेली नाही. आणि शब्द दिला, की यापुढे कधीही, कुठेही, तिला सांगितल्याशिवाय निघणार नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी मी तिला माझा सगळा दिवस ऐकवला. आता घरी जाणार, मग भाजी, मग कमलाबाईंकडे तमिळ मुळाक्षरं, आणि तीन वाजता इथे. ती रडली. मी तिच्या डोळ्यांदेखत निघाले आणि मागे न बघता चालत राहिले, कारण बघितलं असतं तर परतले असते. तीनला दहा मिनिटं कमी असतानाच मी फाटकाशी हजर होते. असं रोज. महिना संपायच्या आत तिचं खिडकीतून बघणं थांबलं. प्रवेश पक्का झाल्याचा कागद हातात आला, तो मी सतीशपुढे आपटलाच.

पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबरात, वेलचेरी पाण्याखाली गेली. शेअर ऑटो बंद, बस बंद. मी साडी खोचून मांडीभर पाण्यातून निघाले. एक चप्पल वाहून गेली, दुसरी मीच सोडून दिली. शाळेत पोचायला चार वाजून गेले. बाकीची मुलं रडवेली झाली होती. मुग्धा त्याच बाकावर बसून पाढे लिहीत होती. तिच्या बाई म्हणाल्या, आम्ही घाबरलो होतो, ही मात्र एकच सांगत होती, "अम्मा वरुवांग." आई येईल. एवढं तमिळ मलाही येत होतं. मी अनवाणी तिथेच खाली बसले.

आता पाच वर्षं झाली. मुग्धा बारा वर्षांची आहे, स्वप्नात तमिळ बोलते, आणि रोज सकाळी कमलाबाईंच्या दारात "पोय्ट्टु वरेन" म्हणते. जाऊन येते, असंच त्यांच्याकडेही म्हणतात.

यंदा मे महिन्यात सोलापूरला होतो. निघायची वेळ दुपारची. रिक्षा दारात आली तेव्हा आईचा नुकता डोळा लागला होता. ती आता थकली आहे, निरोप घेताना तिला आवरत नाही. मी हळूच म्हटलं, "झोपू दे तिला. उगाच रडेल. पोचल्यावर फोन करू."

मुग्धानं हातातली बॅग खाली ठेवली. माझ्याकडे फक्त एकदा बघितलं आणि आत गेली.

"आजी, ऊठ. आम्ही निघतोय. दिवाळीला येणार, नक्की ठरलंय."

आई रडली. व्हायचं तेच झालं. शेंगाचटणीची पुडी शोधताना रडली, मुग्धाच्या हातावर दही घालताना रडली, उंबऱ्याशी भिंत धरून रडली. मला पाहवत नव्हतं. मागे राहणारे आणि निघणारे, आपण सगळेच हे एवढं रडणं टाळायला बघतो, आणि त्यापायी किती मोठं काय काय करून बसतो. मला कुणी विचारतं, तुमचं घर कुठलं? मी दोन सांगते. दोन्ही दारांतून आता आम्ही सांगून निघतो.

रिक्षा सुरू झाली तशी आई वाकली आणि मुग्धाचा हात तिनं घट्ट धरला.

"बरं केलंस उठवलंस," ती म्हणाली. "तेव्हा मीच तुझ्या आईला सांगून निघू दिलं नव्हतं."