स्ट्रेचर घेऊन धनगरवाड्यावर: भोर-वेल्ह्यातले दोन दिवस

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. माझी मोठी बहीण कुसुमताई घरी आली, हॉलमध्ये उघडून ठेवलेल्या माझ्या स्ट्रेचरभोवती तिने एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे वर नेऊन पाहिलंस का कधी?"

"वर म्हणजे कुठे?"

"डोंगरावर. ज्यांच्यासाठी केलंयस म्हणतोस, त्यांच्याकडे."

नेलं नव्हतं. मी दवाखान्यातल्या वस्तूंचं डिझाइन करतो. खाटा, सलाईनचे स्टँड, व्हीलचेअर असं सगळं. गेली दोन वर्षं फावल्या वेळात डोंगरातल्या वस्त्यांसाठी हे घडीचं स्ट्रेचर करत होतो. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, दोन चाकं, चार मुठी, उंची कमी-जास्त करायची सोय, सलाईन अडकवायला आकडा, आणि घडी घातली की सगळं पाठीवरच्या पिशवीत. वजन साडेनऊ किलो. एका प्रदर्शनात त्याचं चांगलं कौतुक झालं होतं. एक संस्था पन्नास नग घ्यायचं म्हणत होती आणि महिनाअखेर त्यांना शेवटचं ड्रॉइंग द्यायचं होतं.

ताई निवृत्त नर्स आहे. नोकरीची पहिली सहा वर्षं तिने वेल्ह्यात काढली, तीही पायी फिरून. तिथल्या एका धनगरवाड्यावरच्या ठकूबाई तिच्या जुन्या ओळखीच्या. "टाक ते गाडीत आणि चल," ती म्हणाली. "एक दिवस भोर बघू, दुसऱ्या दिवशी ठकूबाईकडे. मलाही जायचंच आहे."

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. सातारा रस्त्याने कापूरहोळ फाट्यापर्यंत यायचं आणि उजवीकडे भोरच्या रस्त्याला लागायचं. पुण्यातून दीड-दोन तास पुरतात. फाटा सोडला की गाडीचा वेग आपोआप कमी होतो, कारण दोन्ही बाजूंना भातकाढणी चाललेली असते. कापलेल्या भाताचा वास काचा बंद असल्या तरी आत येतो. भोरमध्ये एसटी स्टँडजवळ चहा आणि गरम भजी खाल्ली आणि थेट आंबवड्याला गेलो.

आंबवड्याला झाडीत एक जुनं महादेवाचं देऊळ आहे आणि तिथे जायला संस्थानाच्या काळातला झुलता पूल. दोन काठांवर खांब, खांबांवरून तार, तारेला लोंबत्या सळया आणि सळयांवर तोललेली चालायची वाट. पुलावरची प्रत्येक गोष्ट काय काम करते ते उभ्या उभ्या दिसतं. मी अर्धा तास तिथे रेंगाळलो. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई समोरून आली, मी कठड्याला चिकटलो, पूल हलका डुलला आणि ती माझ्याकडे न बघता निघून गेली. मनातल्या मनात मी त्या पुलातून एक एक वस्तू काढून बघत होतो. काढण्यासारखं काही सापडेना. असा हेवा मला मोठमोठ्या प्रदर्शनांतही वाटलेला नाही.

दुपारी भाटघरला आलो. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत, त्यामुळे खालच्या रस्त्यावरूनच ती काळी दगडी भिंत बघितली. शेजारच्या खाचरात एक म्हातारे शेतकरी भाताच्या पेंढ्या बांधत होते. पेंढीला दोर त्या पेंढीतल्याच काड्यांचा, एक पीळ देऊन आत खोचलेला. मी बघत उभा राहिलो तसं त्यांनी विचारलं, "धरान बघाय आला व्हय?"

"हो. दरवाजे उघडलेले बघायला मिळाले नाहीत."

"आता कुठं. पावसाळ्यात या. पानी वर चडलं की त्यातली कैक दारं आपसूक उगडत्यात. बटान न्हाई, काय न्हाई. पान्याचंच वजन पान्याला वाट करून देतं."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला माझ्या स्ट्रेचरच्या पुस्तिकेतली वापरायची चौदा चित्रं आठवली.

मुक्काम भोरलाच केला. साधी लॉज, स्वच्छ चादरी, सकाळी सातपर्यंत गरम पाणी. रात्रीचं जेवण एका घरगुती खानावळीत झालं: पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा चिकट, सुवासिक भात. ताटाला दीडशे रुपये आणि भात हवा तेवढा. मसालेदार काही हवं असेल तर आधी सांगावं लागतं.

रविवारी पहाटेच निघालो. भोरहून वेल्ह्याला जायला परत हायवेवर येऊन चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळायचं. मार्गासनीच्या आसपास डावी-उजवीकडे बघत राहा, आधी राजगड आणि मग तोरणा समोर उभे राहतात. तालुक्याला आता राजगड म्हणायचं ठरलंय, पण वाटेत ज्याला ज्याला रस्ता विचारला त्याने वेल्हेच म्हटलं. पेट्रोल नसरापूरलाच भरून घ्या. वेल्हे सोडलं की मोबाईलची रेंज येते-जाते, मग जातेच.

रस्ता संपला तिथे ठकूबाईंचे थोरले चिरंजीव बाबूदादा आमची वाट बघत उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला टापर. स्ट्रेचरची पिशवी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली, खांद्यावर तोलून बघितली आणि म्हणाले, "जड न्हाई. पर मानसाचं वजन येगळंच की." पुढचा पाऊण तास चढ होता. पाणी बरोबर ठेवा, पकड असलेले बूट घाला, आणि ओळख असल्याशिवाय कुणाच्या वाड्यावर असंच जाऊ नका, एवढं सांगून ठेवतो.

वाड्यावर पाच घरं. ठकूबाई दारातच बसल्या होत्या. ताईला बघून उठल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "सिस्टर, केस पांडरे झालं गं तुमचं."

ते घर मी विसरणार नाही. एकच लांब खोली, अर्ध्या भागात माणसं, अर्ध्यात गुरं, मध्ये कंबरेएवढी कुडाची भिंत. भिंतीला लाकडी खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकच वस्तू: विळा, घोंगडी, कंदील, शिंकं. चुलीजवळ तवा, तीन पातेली, ताकाची रवी. ठकूबाई बसल्या जागेवरून न उठता स्वयंपाक करत होत्या. लागणारं सगळं हाताच्या अंतरावर होतं. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक. मी ताईला हळूच म्हटलं, "माझ्या क्लायंटची किचनं बघ आणि हे बघ." ठकूबाईंच्या कानावर ते गेलंच. "काय म्हंत्यात तुमचं भाऊ?" ताईने सांगितलं, "घर सुंदर आहे म्हणतो." ठकूबाई जराशा हसल्या. "हाय त्येवडंच हाय. दिसाय बरं दिसतं."

जेवून हात धुतले तेवढ्यात वरच्या अंगाने हाक आली. बाबूदादांची बायको सखूवहिनी गवत कापायला उतारावर गेल्या होत्या. पाय घसरून त्या दहा-बारा फूट खाली गेल्या होत्या. बाबूदादा आणि शेजारचे दोघे धावले. आम्ही पोचलो तेव्हा त्या बांधाला टेकून बसल्या होत्या, चेहरा राखेसारखा, उजवी नडगी मध्येच वाकडी झालेली. ताई गुडघ्यांवर बसली. पायाची बोटं हलतात का बघितलं, तळव्याला हात लावून ऊब बघितली. मग दोन सरळ काठ्या मागवल्या, स्वतःची ओढणी फाडली आणि पाय बांधला. पाच मिनिटंही लागली नसतील.

"हाड मोडलंय," ती मला म्हणाली. "पाय सरळ ठेवूनच खाली न्यायचं. हिसका बसता कामा नये."

बाबूदादांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचं ते हाय की हितंच."

दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते हेच. धावत वाड्यावरून पिशवी आणली, उघडली. चौकट जोडताना एक पिन गवतात पडली, ती शोधण्यात वेळ गेला. सखूवहिनींना वर घेतलं, पट्टे बांधले, चार जणांनी चार मुठी धरल्या. वाड्यापर्यंत नीट आलो. मला बरं वाटायला लागलं होतं.

वाड्याखाली वाट दोन खडकांमधून उतरते. तिथे एका वेळी एकच माणूस मावतो. चार मुठींना चार माणसं, दोघं दोघं शेजारी; तसं शेजारी चालताना पाय ठेवायला जागाच नव्हती. चाकं खाली सोडली तर पहिल्याच दगडावर चौकट तिरकी झाली आणि सखूवहिनी किंचाळल्या. ताई म्हणाली, "थांबा. खाली ठेवा."

कुणी मला दोष दिला नाही. बाबूदादा वळून वर गेले आणि एक लांब, वापरून गुळगुळीत झालेला बांबू आणि घोंगडी घेऊन आले. घोंगडीची दोन टोकं दांड्याला बांधली की डोली झाली. एक जण पुढे, एक मागे, दांडा खांद्यावर. त्या वाटेला लागतो तेवढाच रुंद, एका माणसाइतका. मी कौतुकाने बघतच राहिलो. पण सखूवहिनींना आत घेतलं तसं अंग झोळीत गोळा झालं, मोडलेला पाय वाकायला लागला, आणि त्यांनी दातांत पदर धरला.

"असं नाही चालणार," ताई म्हणाली.

ठकूबाई काठी टेकत मागून आल्या होत्या. त्यांनी खाली पडलेल्या माझ्या स्ट्रेचरकडे बोट केलं. "त्यो रुंद पट्टा काडा. पाय वर दांड्याला टांगा की. म्हंजी लोंबायचा न्हाई."

मी दोन पट्टे सोडवले. एक मांडीखाली, एक टाचेजवळ, काठ्यांसकट पाय दांड्याला समांतर टांगला. ताईने हाताने तोल बघितला आणि मान हलवली. दोघांनी डोली उचलली. सखूवहिनींनी पदर तोंडातून काढला. "आता बरं हाय," त्या म्हणाल्या.

उतरायला तास लागला. खांदा बदलायला तिघं आळीपाळीने येत, न थांबता. पुढचा नुसतं "हं" म्हणायचा आणि खांदे बदललेले असायचे. स्ट्रेचरची चौकट मी पाठीवर घेऊन सगळ्यांच्या मागून चाललो होतो. खाली गाडीची मागची सीट आडवी केली आणि सखूवहिनींना वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे इंजेक्शन दिलं, पुढे एक्स-रेला नसरापूरला पाठवलं. हाड मोडलं होतं, पण जागेवरून फार सरकलं नव्हतं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, "बांधून चांगलं आणलंत." ताईने बाबूदादांकडे बोट केलं.

बाहेर चहा घेताना मी बाबूदादांना म्हणालो, "तुमच्या डोलीसारखं सोपं मला दोन वर्षांत सुचलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "सोपं न्हाई हो ते. दुसरं काय न्हाई म्हून हाय. माजा बाप त्याच दांड्यावर ग्येला, वाटंतच. उद्या रस्ता झाला तर म्या त्यो दांडा चुलीत घालीन." मग कप उचलत म्हणाले, "पर तुमचा पट्टा झ्याक हाय. त्येवडा ठिवून जा."

संध्याकाळी पुण्याकडे निघालो तेव्हा पिशवीत पट्ट्यांशिवायचं स्ट्रेचर होतं. ताई अर्धा रस्ता झोपली होती. मी त्या घराचं कौतुक केलं होतं, ते खोटं नव्हतं. पण तीच माणसं आजाऱ्याला खांद्यावर घेऊन तासभर उतरतात तेव्हा कुठे रस्ता लागतो, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. त्यांच्या हातात फार थोडं आहे आणि त्या थोड्याचं त्यांनी काय केलंय, याचं कौतुक कमी झालं नाही. उलट वाढलं. फक्त त्याला साधेपणा म्हणून भिंतीवर टांगायची मला आता लाज वाटेल.

महिनाअखेर मी संस्थेला नवं ड्रॉइंग दिलं. चौकट नाही, चाकं नाहीत, आकडा नाही. तीन रुंद पट्टे, बक्कल लावलेले, आणि पायासाठी एक झोळी. कुठल्याही दांड्याला बांधता येईल असं. वजन एक किलोच्या आत. तिथल्या बाईंनी कागद उलटा करून बघितला आणि विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. त्यांनी पन्नास नगांची गोष्ट बाजूला ठेवली, आधी दहा करून वापरायला द्या म्हणाल्या. पहिला संच मी एसटीने वेल्ह्याला पाठवला.

दीड महिन्याने बाबूदादांचा फोन आला. सखूवहिनी काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. शेजारच्या वाड्यावरच्या एका बाळंतिणीला पट्ट्यांच्या डोलीतून खाली आणलं होतं, आई आणि मुलगी दोघी ठीक होत्या. मी विचारलं, "पट्ट्यांचा काही त्रास?"

"पट्टं ब्येस हायती. ती बक्कलं तेवडी म्या कापून टाकली. हात वला असला की लागत न्हाईत. गाठ मारतो आमी, ती हाताला कळती."

फोन ठेवला, ड्रॉइंग उघडलं आणि बक्कल खोडलं.