तपासनीस काका आणि डेलची रायफल

तपासनीस काकांचे हात कायम पाठीमागे बांधलेले असत. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या इंडियन दुकानात भेंडी घ्यायची असली तरी ते खोक्यापुढे तसेच उभे राहत, वाकून बघत आणि काकूंना सांगत, "डावीकडची घे, उजवीकडची जून आहे." स्वतः एकही भेंडी उचलत नसत. नव्या माणसाला वाटे, काकांची कंबर दुखते. कंबर ठणठणीत होती. चोवीस वर्षं फौजेत बंदुका तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची नोकरी केलेला हा माणूस. ज्या वस्तूसाठी आपली सही नाही तिला आपला हात लागता कामा नये, हा शस्त्रागारातला नियम त्यांनी भेंडीलाही लावून टाकला होता.

ते पुण्याजवळच्या दिघीचे. त्यांची एकुलती एक लेक मुग्धा आमच्या ओळीत दोन घरं सोडून राहते. तिच्याकडे काका-काकू सहा महिन्यांसाठी आले, आणि पंधरा दिवसांत आमच्या मराठी मंडळींनी त्यांचं हे नाव ठेवलं. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी, स्पेलिंग नीट लिहा म्हणजे झालं, एवढंच म्हटलं.

त्यांचा एकच प्रश्न असे, "आत बघितलंस का?" गाडी दाखवा, भाड्याचं घर दाखवा, हाच प्रश्न. आमच्यातल्या एकाने बाळासाठी पाळणा मागवला आणि रविवारभर खपून जोडला. काका बारशाच्या आदल्या दिवशी सहज बघायला गेले, दोनदा वाकले, आणि त्याला सगळा पाळणा पुन्हा खोलायला लावला. एक बोल्ट उलटा बसला होता. तो बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, कंपनीने चेक केलेलं असतं यार." काका म्हणाले, "कंपनी तुझ्या बाळाला ओळखत नाही." खरं सांगतो, त्या काळात मलाही त्यांचा थोडा कंटाळाच यायचा. माणूस घरी आला की आपलं काहीतरी चुकलेलं सापडणार, हे ठरलेलं.

आता माझ्या मोहाची गोष्ट. माझे बाबा अकोल्याला पोलिसात हवालदार होते. त्यांच्या खांद्यावर सगळ्या नोकरीभर ती लांब, जड थ्री नॉट थ्री रायफल असायची. तिच्यासकट त्यांचा एक फोटो माझ्याकडे आहे. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा माझे विसाचे कागद अडकलेले होते. मी पोचलो तो तेराव्याला. ही गोष्ट मला अजून टोचते, आणि टोचत राहणार.

आमचा शेजारी डेल निवृत्त सुतार. दोन पावसाळी हिवाळे मी रेडमंडच्या ऑफिसातून येऊन गॅरेजमध्ये देवदाराच्या पट्ट्यांची एक छोटी होडी बांधली होती, तिच्यावर त्याचा डोळा. एका शनिवारी तो म्हणाला, माझ्याकडे तुमच्या देशात बनलेली एक जुनी फौजी रायफल आहे, होडी दे आणि ती घे. चालते का ते बघायला तुला नेमबाजीच्या रेंजवर नेतो, दहा-बारा गोळ्या झाड, मग खुशाल भिंतीवर टांग. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कागद कशाला? त्याने फोनवर फोटो दाखवला. तीच ती थ्री नॉट थ्री. माझ्या मनाने होडी तिथल्या तिथे देऊन टाकली होती. बायको मात्र म्हणाली, "बंदूक घरात आणणार असशील तर आधी काकांना दाखव. त्यांनी ओके म्हटलं तर माझी हरकत नाही." मला हे सोपं वाटलं. फौजी माणूस, खूश होईल.

काका खूश झालेही. इस्त्रीचा शर्ट घालून आले. डेलने गॅरेजमध्ये टेबलावर ब्लँकेट अंथरून रायफल ठेवली होती. दस्त्याचं लाकूड मधासारखं चकाकत होतं. डेलने ती उचलून माझ्यापुढे धरली, आणि मी दोन्ही हात पुढे केले.

"नितीन. हात मागे."

आवाज मोठा नव्हता. पण मी चाळिशी ओलांडलेला, टीम लीड वगैरे असलेला माणूस, कवायतीतल्या पोरासारखा मुकाट्याने हात मागे घेऊन उभा राहिलो. डेलही दचकला.

मग अर्धा तास जे चाललं ते मी कधी विसरणार नाही. काकांनी रायफलीला बोटही लावलं नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते सांगत होते आणि डेल करत होता. आधी तोंड भिंतीकडे करून ती रिकामी असल्याची खात्री. मग बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता दांडा, बाहेर. बोल्टवरचा नंबर मला वाचायला लावला, रायफलीच्या अंगावरचा डेलला. दोन्ही वेगळे निघाले. "म्हणजे हिचं हृदय दुसरीचं आहे," काका मला म्हणाले. नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरायला लावून त्यांनी दुसऱ्या टोकातून आत बघितलं, मग मला बघायला लावलं. आत गंजाने खड्डे पडले होते. शेवटी त्यांनी डेलला दस्त्याची पुढची बाजू उजेडात तिरकी धरायला सांगितली. चकाकत्या पॉलिशखाली, घासून जवळजवळ पुसलेली दोन इंग्रजी अक्षरं होती, डी आणि पी. लोखंडावरही काळ्या रंगाखाली तीच.

काकांनी डेलला ती खाली ठेवायला सांगितली. मग म्हणाले, "ही कवायतीची आहे रे. ड्रिल परपज. थकलेली बंदूक आम्ही असा शिक्का मारून पोरांना खांद्यावर घेऊन चालायला द्यायचो. हिच्यात गोळी घालायची नसते. घातली तर ती पुढे जाईल की तुझ्या तोंडावर येईल, कुणी सांगावं." मी डेलला समजावून सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. बंदुकांच्या एका मेळ्यात कुणीतरी त्याच्या गळ्यात मारलेली होती ती, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पुढच्याच शनिवारी आम्ही रेंजवर जाणार होतो.

मी म्हटलं, गोळ्या नाही झाडणार, नुसती भिंतीवर लावतो. मोह असा सुटत नाही. काका म्हणाले, "तुझी होडी पाण्यात तरंगते. ही आपलं काम करू शकत नाही. सौदा बरोबरीचा नाही, हे झालं एक. दुसरं, ही चढणार कुणाच्या नावावर?" मला हसू आलं. मी म्हटलं, काका, ही अमेरिका आहे, इथे बंदुका दुधाच्या पिशवीसारख्या मिळतात. "मिळत असतील," काका म्हणाले. "तुला मिळतात का, ते विचारून घे."

त्यांचं समाधान करायचं म्हणून सोमवारी मी माझ्या इमिग्रेशनच्या वकीलबाईंना फोन केला. अकरा वर्षं रांगेत उभं राहून माझं ग्रीन कार्ड आता हाताशी आलं होतं, मुलाखत तेवढी बाकी होती. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ती घरी आणलीस का? नाही म्हटलं. हातात घेतलीस? तेही नाही म्हटलं. त्या सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, तुझ्यासारख्या कामाच्या विसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं इथे फेडरल गुन्हा आहे. अपवाद आहेत, पण तू त्यात बसत नाहीस. शेजारी असो, जुनी असो, भिंतीवर असो. शिवाय या राज्यात असा परस्पर सौदाही चालत नाही. हे उघडकीला आलं असतं तर अकरा वर्षं पाण्यात गेली असती.

फोन ठेवला. मी तसाच मुग्धाच्या घरी गेलो आणि काकांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "चल, चालून येऊ."

नदीकाठच्या रस्त्यावर त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. तरुणपणी एका सकाळी रांग मोठी होती, मागून घाई होत होती, आणि त्यांनी एक रायफल आत न बघता सही करून दिली. दुसऱ्या रॅकमधली होती ती, कवायतीची. ज्या जवानाने झाडली त्याचा एक डोळा गेला. "दर दिवाळीला मी त्याला पत्र टाकतो," काका म्हणाले. "तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण दर वेळी उत्तर येतं, घरी सगळे मजेत, तुम्ही तब्येतीला जपा." त्यांच्या तपासण्याचा कंटाळा केल्याची मला मनापासून लाज वाटली.

सहा महिने संपले आणि काका-काकू परत गेले. निघताना त्यांनी आपल्या बॅगांची कुलुपं चारदा बघितली. डेलने ती रायफल एका जाणत्या कारागिराकडून कायमची निकामी करून घेतली, आणि तो अजून मला विचारतो, इन्स्पेक्टर कधी येणार?

मुलाखत पुढच्या वसंतात झाली. समोरचा अधिकारी एकसुरी आवाजात प्रश्न वाचत होता, त्यात हत्यारांबद्दलचाही एक होता. मी "नो" म्हणालो. खरंच म्हणालो, आणि ते खरं होतं याचा मला जो आनंद झाला तो त्याच्या टेबलावरून त्याला दिसलाही नसेल. दहा दिवसांनी मंजुरी आली. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पहिला फोन दिघीला लावला.

"बायकोला सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"नाही, आधी तुम्हाला."

मग त्यांनी मला झापलं, आधी घरी सांगायची अक्कल नाही का म्हणून, आणि फोन ठेवून दिला.

आठवड्याने काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "काय सांगितलंस रे यांना? पेढे घेऊन सगळी सोसायटी फिरले. वॉचमन मला विचारत होता, काकू, तुम्हाला तर एक मुलगीच ना? मग काका म्हणतात ते, आमच्या मुलाचं काम झालं, तो मुलगा कोण?"