जुनाच खोकला

"दीदी, खांसी कब से है?"

केलाँगच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून उभ्या होत्या. प्रश्न त्यांनी मला विचारला होता. माझा धाकटा भाऊ सुदाम खाटेवर पुढं झुकून बसला होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

तीन दिवस.

बाईंनी आजाराचं नाव सांगितलं: हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडिमा. मग साध्या हिंदीत समजावलं. उंचावर हवा विरळ असते. काहींच्या फुफ्फुसांना ती सोसत नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि फुफ्फुसात साचत जातं. धडधाकट, सराव केलेल्या माणसालाही हे होतं. सुरुवात बऱ्याचदा दम लागण्यानं आणि कोरड्या खोकल्यानं होते. तेव्हाच खाली उतरलं तर बहुतेक माणसं वाचतात.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्या तीन बोटांकडे बघत होते.

आमचं घर वडीगोद्रीला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मी अंबडच्या एका शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. आई, सुदाम आणि मी असं आमचं घर. सुदाम माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणारं हे काम दिवाळीला सुरू होतं आणि होळीच्या सुमाराला थांबतं. तेवढे महिने कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात आणि तिथं काम करणारी बरीच माणसं खोकत असतात. आमच्याकडे त्याला कुणी आजार म्हणत नाही. ओसरीवर खोकल्याचा आवाज आला की सुदाम आला, एवढंच कळायचं.

कामावर सायकलनं जाता-येता त्याला सायकलचं वेड लागलं. गिअरची सायकल आली. आमच्या भागात घाट नाही, म्हणून तो हायवेच्या उड्डाणपुलावर चढाचा सराव करायचा. एकेका सकाळी चाळीस वेळा वर, चाळीस वेळा खाली. पुलाखालचा चहावाला ओरडायचा, "सुदामभाऊ, काही पडलं का पुलावर? येऊ का हुडकायला?"

"दम पडलाय! सापडला की येतो खाली!"

मनाली ते लेह अशी दहा दिवसांची सायकल सहल होती. वाटेत उंच खिंडी. पुण्याच्या एका ग्रुपनं सगळी व्यवस्था केली होती: तंबू, जेवण, मेकॅनिक, सोबत गाड्या. थकलेल्यानं गाडीत बसायचं. घरच्या एका माणसालाही गाडीत जागा मिळत होती. आई म्हणाली, "अक्काला घेऊन जातो का? मंग जा." म्हणून मी गेले.

एक सवय इथंच सांगायला हवी. सुदाम बोलायला उशिरा लागला. चार वर्षांचा होईपर्यंत पाहुण्यांनी त्याला नाव विचारलं की मीच सांगायचे. पुढं तो चांगला बोलका झाला, पण माझी सवय गेली नाही. बँकेत, दवाखान्यात प्रश्न त्याला आणि उत्तर माझं. तो हसायचा. सहलीचा आरोग्याचा फॉर्मसुद्धा मीच भरला.

पहिले दोन दिवस चांगले गेले. रोहतांगच्या माथ्यावर त्यानं गाडीच्या काचेवर टकटक केली. "अक्का, तू पुस्तक वाचून राह्यली अन् मी इथं हाफून राह्यलो. उतर खाली, बघ तरी काय हाय!" मी उतरले. बर्फाला त्यानं बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "आपल्या कापसावानी दिसतंय न?"

तिसऱ्या दिवशी मुक्काम जिस्पाला, नदीकाठी होता. संध्याकाळी त्याच्या तंबूतून खोकला ऐकू आला. त्या अनोळखी डोंगरात तो आवाज ऐकून मला घरी असल्यासारखं वाटलं. मी निवांत झाले.

चौथा मुक्काम झिंगझिंगबारला. पाचव्या दिवशी सकाळी सहलीचा प्रमुख केतन सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत आला. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा हा चिमटा रोज सकाळी लागायचा. सुदामचा आकडा एकोणऐंशी आला. केतननं पुन्हा लावला. तोच.

"इतक्या उंचीवर हे चालून जातं," तो म्हणाला, "पण खोकतोयस ना तू?" मग माझ्याकडे वळला. "ताई, खोकला नवीन आहे का? नवीन असेल तर आज मी याला खाली पाठवतो. इथून खालपर्यंत नुसता उतार आहे. पुढं खिंड आहे."

सुदामनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी रोज आठवते. तिच्यात विनवणी होती की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हणाले, "जुनाच आहे हो. जिनिंगमध्ये काम करतो. दर वर्षीचाच आहे."

"नक्की ना?"

"नक्की."

"अक्का म्हणली म्हंजे झालं!" सुदाम म्हणाला आणि हेल्मेट घालायला लागला.

जिनिंग होळीला बंद झालं होतं. आम्ही जुलैच्या अखेरीला तिथं होतो. चार महिने घरात खोकला नव्हता. हे मला त्या सकाळी सुचलं नाही.

बारालाचाची खिंड ओलांडून बाकीचे अकराच्या सुमाराला सरचूला पोचले. सुदाम एक वाजता आला, सगळ्यांच्या मागून. वाटेत दोनदा मी त्याला गाडीत बस म्हटलं. त्यानं मान हलवली. सायकलवरून उतरून तंबूपर्यंत वीस पावलं होती. तेवढ्यात तो तीनदा खाली बसला. ओठ निळसर पडले होते. मी पाठीवर हात ठेवला तर आत काहीतरी खळखळत होतं, भांड्यातलं पाणी उकळीला येताना होतं तसं. आकडा छप्पन्न.

केतननं लगेच ऑक्सिजन लावला आणि गाडी काढायला सांगितली. दवाखाना मागं, केलाँगला. पण खाली उतरायचं तर आधी पुन्हा वर चढायचं होतं, त्याच खिंडीतून. सकाळी त्याच्यापुढं नुसता उतार होता. माझ्या एका वाक्यानं त्याच्या आणि दवाखान्याच्या मध्ये बारालाचा येऊन उभा राहिला.

ताशी नावाचा चालक चार तास न थांबता गाडी चालवत होता. खिंडीच्या अलीकडे सुदामनं मास्क बाजूला केला.

"अक्का, उतरून राह्यलो का आपण?"

"हो," मी म्हणाले. गाडी चढत होती.

केलाँगहून त्याच संध्याकाळी ॲम्ब्युलन्सनं, रोहतांगखालच्या बोगद्यातून खाली, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याला व्हेंटिलेटर लावला: घशातून नळी घालून श्वास देणारं यंत्र. नळी घालण्याआधी बेशुद्ध करतात. त्याआधी त्याला एक मिनिट भेटू दिलं. मला काही विचारायचं होतं, पण त्या धापेत त्याला उत्तर देता आलं नसतं.

अतिदक्षता विभागाबाहेर लोखंडी बाक होता. माझ्या पिशवीत पुस्तक होतं. दोन दिवस ते एकाच पानावर उघडं राहिलं. डॉक्टर दर वेळी सांगायचे, "कोशिश जारी है." दुसऱ्या दिवशी ते बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. उभ्यानं न सांगता बसले, तेव्हाच मला कळलं. दुपारचे अडीच वाजले होते.

सायकल महिन्याभरानं खोक्यात भरून आली. केतन स्वतः घेऊन आला होता. आईच्या पाया पडला. मी त्याला म्हणाले, तू बराबर विचारलं होतंस. त्याला त्याचा काही आधार झाला असेल असं वाटत नाही. खोकं आम्ही उघडलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं जाणार असेल, तर मला एवढंच सांगता येतं. उंचावर गेल्यावर कोणताही खोकला जुना मानू नका. ज्याला होतंय त्यालाच बोलू द्या. तो हसला, गप्प बसला, तुमच्याकडे बघायला लागला, तरी त्याच्या जागी तुम्ही बोलू नका. ताशीचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानते. आणि त्या डॉक्टरीणबाईंचे. प्रश्न मला विचारला, तरी उत्तर त्यांनी त्याचं घेतलं.

आई पहिल्या दिवसापासून एकच विचारायची. "लई तरास झाला का गं त्याला?"

"न्हाई, आई. झोपेतच गेला. बिलकुल न्हाई."

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं. एका सकाळी रस्त्यानं कामावर जाणारं कुणीतरी खोकत गेलं. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले, आणि तिनं पुन्हा तेच विचारलं.

मी म्हणाले, "मला माहीत न्हाई, आई. ते त्यालाच माहीत."

हातातली शेंग तिनं सोलून टाकली.

"मंग इतके दिवस न्हाई कशी म्हणत होतीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

तिनं पुढची शेंग उचलली.

"मला कुठं बरं वाटलं?" ती म्हणाली.