म्हसोबाची पत्रिका

तळ्याकाठचं ते शहर माझ्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपतं. ते बघायला जायची पाळी आली तेव्हा मी घरूनच तोंड फुगवून निघाले. पण करते काय? भावाच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि पत्रिकांचा गठ्ठा आईनं फडक्यात बांधून उशाशी ठेवला होता. पहिली पत्रिका म्हसोबाला. ती पोचल्याशिवाय दुसरी कुणाच्या हातात पडणार नाही, असं तिनं भावाला ठणकावलं होतं. आणि आमचा म्हसोबा आमच्या विकलेल्या भातखाचराच्या बांधावर, म्हणजे आता त्या शहराच्या पोटात कुठं तरी.

भुकूमहून निघून पौडला आईला गाडीत घेतलं. कमानीपाशी पावती फाडावी लागली. एकेकाळच्या आपल्याच शिवारात शिरायला पावती! शिपायानं आत डोकावून विचारलं, "माताजी पहली बार आयी हैं?"

"न्हाई रं बाबा," आई म्हणाली, "हितंच नांदायला आलते मी."

त्याला काही कळलं नाही. मी काच वर केली.

आत पिवळ्या-केशरी इमारतींची रांग, लांबून कॅलेंडरवरच्या चित्रासारखी. जवळ गेलं की रंगाचे पोपडे, गंजलेली शटरं, आणि एका बंद हॉटेलच्या गॅलरीत माकडांचं बिऱ्हाड. पाण्याकाठच्या फरसबंदीवर फोटो काढणाऱ्यांची ही झुंबड. एक पोरगी आईला म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

"तुझ्या फ्रेमच्या आधीपासून आहे ती इथं," मी म्हणाले. पोरीनं तोंड वाकडं केलं. करू दे.

आईला मात्र कशाचंच काही नव्हतं. ती इमारतींकडे बघतच नव्हती, डोंगर बघत चालली होती. "त्यो सुळका हाय न्हवं? त्याच्या नाकासमोर आपलं खाचर." दोनदा वाट चुकलो, एकदा कचऱ्याच्या ढिगापाशी जाऊन थांबलो. मी म्हटलं, परत जाऊ, तिकडं घरच्या देव्हाऱ्यात ठेव पत्रिका. ती ऐकतेय कुठली, पिशवी काखेत मारून पुढं चालायला लागली.

शेवटी एका बंद खानावळीमागच्या वाहनतळावर ती थबकली. फुलझाडांच्या वाफ्याला गोल दगडांची कड लावलेली होती. वीसेक दगड, सगळ्यांना पांढरा रंग फासलेला.

"ह्यातलाच हाय त्यो," आई म्हणाली.

पण कुठला? शेंदूर रंगाखाली गेलेला. ती उकिडवी बसली आणि एकेका दगडावरून तळवा फिरवायला लागली. सगळे सारखेच.

तेवढ्यात तिथला शिपाई शिट्टी फुंकत आला. "ए माताजी, पत्थर को हाथ मत लगाओ!"

झालं, माझं डोकंच फिरलं. देवाला चुना फासलात, वर आम्हालाच दटावताय? लाज नाही वाटत? बोलायचं ते बोलले, नको ते बोलले. तो बिचारा कुठल्या मुलखातून पोटापाठी आलेला, त्यानं काय घोडं मारलं होतं? पण मला कुणावर तरी तुटून पडायचंच होतं.

"त्याला कशाला बोलतीस?" आईनं मला दरडावलं. "म्हसोबालाच यायचं नव्हतं. डावा कौल दिला त्यानं."



गाव सोडताना म्हसोबाला विचारलं होतं, येतोस का म्हणून. दगडाच्या दोन बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर येणार, डावं पडलं तर नाही. येणार म्हणाला असता, तर बकरं, भावकीचं जेवण, म्हणजे आणखी आठ दिवस मुक्काम. आणि मी तेव्हा वीस वर्षांची, पौडच्या नव्या घराकडे डोळे लावून बसलेली. वडील डोळे मिटून गाऱ्हाणं घालत होते. उजवं फूल सुटत आलेलं मला दिसलं. मी पदर सावरायचं निमित्त केलं आणि डावं फूल बोटानं उडवलं. वडील त्या रात्री जेवले नाहीत. देवानं आपल्याला टाकलं, असं म्हणतच पुढे ते वारले.

इतकी वर्षं मी या शहराच्या नावानं बोटं मोडत आले. आता राहवेना. म्हटलं, "आई, कौल देवानं नव्हता दिला. फूल मी पाडलं."

आईनं मान वर केली नाही. "म्हाईत हाय. बघितलं व्हतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"पौडच्या घरात नळ हाय म्हनले व्हते." ती खाली तळ्याकडे बघत होती. "पंचवीस वर्सं ह्या चढानं हांडे व्हायले मी. मला एक दीस थांबायचं नव्हतं."

मग तिनं पिशवीतून अक्षता काढल्या, पत्रिका पहिल्या दगडापुढं धरली आणि हात जोडले. "आमचं चुकलं. नातीचं लगीन हाय, या." सरकून दुसऱ्या दगडापुढं बसली. परत तेच. शिपाई लांबून शिट्टी वाजवत होता. मी कुंकवाचा करंडा घेऊन तिच्या मागून सरकत होते. तिसऱ्या दगडापासून मीही म्हणायला लागले.