दादाचा सेकंदांचा प्रोग्राम

आज सकाळी दादा गेला.

मला रडू येत नाहीये. राग येतोय, आणि तो स्वतःचाच येतोय.

फोनवर सगळे म्हणतायत, "सुटला बिचारा." सुटला म्हणे! कशातून सुटला, ते मला विचारा.

वसंता, माझा मोठा भाऊ. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका राईस मिलमध्ये कारकून. मिल किती वेळ चालली ते रोज रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्याचं काम. "सव्वा तास." "पावणेतीन तास." "दीड तास, मग लाईन गेली."

१९८६ साली त्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं. तेही कॉम्प्युटर न बघता!

नागपुरात सीताबर्डीच्या फूटपाथवरून त्याने बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक जुनं पुस्तक आणलं. पहिली वीसेक पानं फाटलेली. त्यावरून वहीत प्रोग्राम लिहायला घेतला. रजिस्टरमध्ये लिहिलेली वेळ वाचायची आणि तिचे सेकंद करून द्यायचे.

मशीन मी.

भंडाऱ्याला बी.ए.ला होते. संध्याकाळी घरी आले की समोर तीन वाट्या तयार. एक तासांची, एक मिनिटांची, एक सेकंदांची. दादा एकेक ओळ वाचणार, मी चिठ्ठीवर आकडा लिहून सांगेल त्या वाटीत टाकणार.

"पावणेतीन म्हणजे दोन तास पंचेचाळीस मिनिट. मले समजते ना, दादा."

"तुले समजते, मशीनले नाही समजत. डोकं काहून लावून राहिली? सांगतलं तेवढंच कर."

आतून आई ओरडायची, "माह्या वाट्या द्या, वरण वाढाचं हाय!"

खूप हसायचो आम्ही तेव्हा.

पुढच्या वर्षी नागपूरच्या एका ऑफिसात ऑपरेटरची जागा निघाली. वयाच्या अटीत बसणारी दादाची ती शेवटची संधी होती. दीड तासाची परीक्षा, खऱ्या मशीनवर.

आणि प्रश्न काय यावा? तास-मिनिटांत लिहिलेल्या वेळेचे सेकंद करा.

एकेक अक्षर शोधत त्याने पाऊण तासात सगळं टाइप केलं. ओळ संपली की खाली बाण असलेलं बटन दाबायचं, डाव्या बाणाने मागे यायचं, पुढची ओळ सुरू. पडद्यावर प्रोग्राम वहीतल्यासारखाच दिसत होता. शेवटी 'रन', म्हणजे 'चालव', असं लिहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

काही आलं नाही. त्याला वाटलं, मशीन विचार करतेय.

उरलेला पाऊण तास तो तसाच बसून राहिला. त्याचे सेकंद किती, ते त्याला तोंडपाठ होते.

मग परीक्षा घेणारे साहेब आले. "कुछ नहीं आया? चलो, टाइम हो गया."

घरी येऊन एवढंच म्हणाला, "माहं कुठंतरी चुकलं असन."

आणि चूक शोधायला बसला. दोन वर्षं. मिलमधून आला, हातपाय धुतले, की वही. पुन्हा पहिल्या ओळीपासून. मी पुन्हा मशीन. दरवेळी उत्तर बरोबर यायचं आणि दरवेळी तो म्हणायचा, "थांब, सापडते आता."

१९८९ ला मी नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स लावला. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, प्रत्येक ओळीनंतर रिटर्नचं बटन दाबा. नाहीतर ओळ नुसती पडद्यावर दिसते, मशीनपर्यंत पोचत नाही.

दादाने तर नुसती बाणांची बटनं दाबली होती, त्यानेच मला नंतर सांगितलं होतं. हे त्या फाटलेल्या पानांत असणार. मी मशीन असताना ओळ संपली हे मला दादाच्या आवाजावरून कळायचं, म्हणून आमचं कधी अडलंच नाही.

मिळेल ती एसटी धरून घरी आले. वाटलं, दादा खूश होईल.

"दादा, तुहा प्रोग्राम बरोबर होता! एक बटन राहिलं फक्त!"

त्याने हातातली वही मिटली.

"एकच बटन?"

"हव ना!"

"मंग मी दोन वर्षं काय शोधून राहिलो होतो?"

मग तोच हळूच म्हणाला, "कायले सांगतलं तू मले?"

त्यानंतर त्याने वही उघडली नाही. लग्न केलं नाही. मिल बंद पडली तेव्हा ओट्यावर बसला, तो बसूनच राहिला. कधीही विचारा, "बरं हाय."

मी कॉम्प्युटरवर नोकरी करून रिटायर झाले. घरी त्याच्यासमोर एकदाही ते नाव काढलं नाही.

चूक सापडायची होती तोवर त्याला उद्या होता. तो मी उड्या मारत येऊन काढून घेतला.

दादा, मी नसतं सांगितलं तरी चाललं असतं रे.

शेवटचा जय भीम.